आठ नंबरच्या शुभेच्छा
लग्नातला शालू बाहेर काढला, की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर मामांची पंच्याहत्तरी आठवते आणि डोकं अजून तापतं. तोच नेसून मी गेले होते; नारायण पेठेतल्या त्यांच्या घरी श्रीखंडाची पंगत बसली होती. तेवढ्यात होस्टेलवरून माझ्या लेकीचा मेसेज आला: 'एचबीडी आजोबा, टीसी.' हॅपी बर्थडे आणि टेक केअर, एवढ्यात उरकलेलं. मामांनी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "पूर्ण लिहिलं असतं तर बोटं झिजली असती वाटतं!" सगळे हसले. मी वाटी आपटली. "मामा, माझ्या लग्नाला तुम्ही नुसती तार पाठवलीत. पोस्टात तयार शुभेच्छांचे नंबर असायचे, तुम्ही आठ नंबर सांगून मोकळे झालात. त्यात एक अक्षर तरी तुमचं होतं?" "तार होती ती," मामा म्हणाले आणि श्रीखंडाकडे वळले. परवा तीच लेक फोनवर फणफणत होती, तिचा मुलगा मेसेजला उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवतो म्हणून. तिला हा किस्सा पाठ आहे. मी एवढंच म्हटलं, "आठ नंबर."