फिरकीचा तांब्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं तर मुळीच नाही — त्याचंच नाव पुढं करून मी ते केलं होतं. तुमच्याशी ओळख ना पाळख, म्हणून तुम्हाला सांगते.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. हे नव्या कलेक्टर कचेरीत कारकून, म्हणून आम्ही अहमदपूरहून बिऱ्हाड हलवलं. नवे साहेब, नव्या पाट्या, नवे शिक्के. सगळं नवं होतं, नळाला पाणी तेवढं नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता.

घरात बसून मला करमेना. बाजाराच्या मागच्या बोळात मिशनची शाळा होती, तिथं गणिताला बाई नव्हत्या. मी म्हटलं, मी येते, मंगळवारी आणि शुक्रवारी, पगार नको. काय कौतुक झालं माझं! मोठ्या बाई — म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका — सकाळच्या प्रार्थनेत माझं नाव घ्यायच्या. मला गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू?

शाळेच्या आवारात आड होता, आणि त्याला अजून पाणी होतं. बाई वर्गात आल्या की आधी पाणी द्यायचं, ही तिथली रीत. सातवीतली सुजाता ते काम करायची. पहिल्याच दिवशी पितळेचा पेला दोन्ही हातांनी धरून ती पुढं आली. "घ्या बाई. आत्ताच शेंदलंय."

आणि मी — कसं सांगू — मी हजेरीत तिचं आडनाव वाचलेलं होतं. बौद्ध घरातली पोर. माझ्या माहेरी त्या वस्तीतल्या माणसांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. त्यांच्या हातचं घ्यायची तर गोष्टच सोडा. मी कॉलेज शिकले, समतेची भाषणं ऐकली, टाळ्या वाजवल्या. पण पेला समोर आला आणि हात पुढं होईना. तोंडातून निघून गेलं, "आज माझा निर्जळी उपवास आहे गं."

झालं! मंगळवार, शुक्रवार देवीचे वार, खोटं आयतंच बसलं. मग मी घरून फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून न्यायला लागले. पिशवीत, टॉवेलाखाली. मधल्या सुट्टीत आवारातल्या चर्चच्या मागं जायचं आणि भिंतीकडं तोंड करून दोन घोट घ्यायचे. सुजाता दर खेपेला विचारायची, "बाई, आजबी उपास?" मी मान डोलवायची. तिला माझा लई आदर वाटायचा, तोंडावर दिसायचा.

गणितात तिच्यासारखी पोरगी मी पुन्हा पाहिली नाही. तिचा बाप वीटभट्टीवर होता. मला सरळच म्हणाला, "बाई, स्कॉलरशिप मिळाली तर आठवीला बसवतो. न्हाई तर जळकोटला मामाकडं धाडतो, रोजानं जाईल." म्हणजे त्या पोरीचं सगळं त्या एका पेपरावर होतं. आणि हे मला माहीत होतं.

परीक्षा नेमकी शुक्रवारी आली. केंद्र दुसऱ्या शाळेत. चार पोरींना घेऊन मीच गेले. घंटेला दहा मिनिटं राहिली असताना सुजाता भिंतीला धरून खाली बसली, आणि तशीच आडवी झाली. ओठ पांढरे फटक. तिची मैत्रीण रडायला लागली. "बाई, तिनं काल रात्रीपासून पाणी घेतलं न्हाई. त्यांच्यात उपास धरत न्हाईत, पर तिनं घरी चोरून धरला. तुमच्यावानी. पास व्हावं म्हून."

टँकर आला नव्हता, टाकी कोरडी होती. तिथला म्हातारा शिपाई पाण्यासाठी बाहेर पळाला. सुजाताचं डोकं माझ्या मांडीवर. पिशवी हाताशी. पिशवीत तांब्या, काठोकाठ भरलेला.

फिरकी उघडायला कितीसा वेळ लागतो?

मी उघडली नाही. का? पोरींपुढं माझा उपवास उघडा पडला असता म्हणून? हो. तिचं तोंड माझ्या तांब्याला लागलं असतं म्हणून? — तेही. दोन्ही होतं. मी पदरानं तिला वारा घालत राहिले, आणि वर ओरडत होते, "अगं, पाणी आणा गं कुणीतरी!" ओरडत होते हो मी!

घंटा झाली. बाकीच्या तिघी आत गेल्या. शिपाई परत आला तेव्हा घंटा होऊन अर्धा तास उलटून गेला होता, आणि अर्ध्या तासानंतर कुणाला आत घेत नव्हते. जूनमध्ये सुजाता शाळेत आली नाही. मोठ्या बाईंनी मला विचारलं, उपवासाचं हे खूळ पोरीच्या डोक्यात कुणी भरवलं? मी म्हटलं, "घरचंच असेल काहीतरी."

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी शिपायानं आणलेल्या पेल्यातलं पाणी तिनं दोन घोट घेतलं. लगेच पेला बाजूला सारला आणि त्याला म्हणाली, "मामा, आता बाईला द्या. त्याबी सकाळपासून बिनपाण्याच्या हायत."

त्यानं पेला माझ्यापुढं धरला. सुजाता माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "नको. माझा उपवास आहे."