तिसरी कॉइल

आमच्या घरात काही बिघडलं की बाबा आधी खूश होतात. मग ती वस्तू महिनाभर कुणाला मिळत नाही. बाबा म्हणजे बाळा परब. मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर पॅकिंगची मशिनं सांभाळली आणि निवृत्त झाल्यापासून ते आम्हाला सांभाळतात. हॉलमधला पंखा फक्त चारवर फिरतो, कारण त्याचा रेग्युलेटर बाबांनी दुरुस्त केलाय. मिक्सर उघडून परत जोडला तेव्हा दोन स्क्रू उरले, तर म्हणाले, "कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात." बाहेरच्या माणसाने घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. आजोबा गिरणीत होते, त्यांचाही म्हणे हाच होता. तेव्हा घरात बिघडण्यासारखं होतं काय, हे मी विचारत नाही. हल्ली मी फारसं काही विचारत नाही, डोकं फिरतं.

यंदा आई गाडी शिकली. वनमाला परब, सत्तावन्नाव्या वर्षी, मोटर ट्रेनिंग स्कूलच्या पोरसवदा मुलांबरोबर. लायसन्स घरी आलं त्या दिवशी तिने ते भाजीवालीलाही दाखवलं. गाडीसाठी म्हणून काळे सपाट बूट घेतले. मानखुर्दला धोंडूमामाला, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला, फोन करून सांगितलं, "भाऊबीजेला मी येतंय. गाडी मीच चलवन हाडतलंय." बहीण गाडी चालवत येणार, असं मामाने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. चपात्या लाटताना ओट्याखाली तिचा डावा पाय वरखाली व्हायचा. क्लचची प्रॅक्टिस.

दसऱ्याला गाडीची पूजा. लोक बाहेरून हार घालतात, स्टिअरिंगला कुंकू लावतात. बाबांनी बॉनेट उघडलं. खरी गाडी म्हणजे इंजिन, पूजा त्याची झाली पाहिजे. झेंडू, हळदकुंकू, अक्षता सगळं इंजिनावर. मग भर पार्किंगमध्ये हात जोडून मोठ्या आवाजात गाऱ्हाणं, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक आनि गाडी चलवतल्याक सांभाळ रे म्हाराजा!" आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा!" आणि बाबांनी नारळ फोडून त्याचं पाणी इंजिनावर ओतलं. शिंपडलं नाही, ओतलं.

दुसऱ्या दिवशी आईने गाडी बाहेर काढली. एलबीएस रोडवर सिग्नल सुटला आणि गाडी आचके द्यायला लागली. मागून हॉर्न. कशीबशी वळवून तिने घरी आणली. गाडी उभ्याउभ्या सगळी हलत होती आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला.

बाबांनी कान लावला. "मिसिंग मारतेय. तू क्लच कसा सोडतेस गो? इंजिनाची वाट लावलीस."

क्लचने असं होत नाही हे मला मोबाइलवर पाच मिनिटांत कळलं. आमच्या गाडीला तीन सिलिंडर आणि प्रत्येकावर एकेक कॉइल, ठिणगी पाडणारी वीतभर वस्तू. एक मेली की गाडी दोनावर चालते आणि अशी हलते. मी तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "मला माहितेय. पण ती मेली कशामुळे? क्लचमुळे."

पुढच्या रविवारी त्यांनी नवी कॉइल आणून पहिल्या सिलिंडरवर लावली. का, तर ती पुढे होती आणि हाताला सहज येत होती. गाडी तशीच हलली. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरी बदलली. गाडी हलतच होती. तिसरी फिल्टरच्या पाइपाखाली दडलेली, आणि तिचा बोल्ट चुकीचा पाना घालून बाबांनी गोल करून ठेवलेला, आता त्यावर पाना धरत नव्हता. म्हणून तिसरी चांगली आहे असं त्यांनी ठरवलं. मग पेट्रोलमध्ये भेसळ निघाली, पावसाळ्यात वायरी सर्द झाल्याचं निघालं आणि शेवटी पुन्हा क्लच. रोज संध्याकाळी बॉनेट उघडं, समोर बिल्डिंगमधले चार काका हात मागे बांधून उभे आणि बाबा त्यांना सांगतायत, "मिसेसने नुकतंच लायसन्स काढलंय." काका समजल्यासारखे हसायचे. मला त्या सगळ्यांच्या अंगावर बॉनेट आपटावंसं वाटायचं.

"बाबा, गॅरेजवाल्याला बोलवा ना! भाऊबीज आली."

"माझ्या गाडीला गॅरेजवाला? मी मेल्यावर बोलव."

आईचा पाय ओट्याखाली हलायचा थांबला होता. एकदा करंज्या भरताना तिने मला हळूच विचारलं, "श्वेता, माझ्यामुळेच झालं असेल का गं?" नाही म्हटलं तरी तिला ते पटलं नाही. बाबांना मशिनमधलं कळतं, हे तिने लग्नापासून ऐकलेलं.

पाडव्याला, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, बाबा अंघोळीला गेले तेव्हा मी किल्ली घेऊन खाली गेले. इंजिन बंद करून एका कॉइलची वायर काढायची, मग सुरू करून ऐकायचं, एवढंच. पहिलीची काढली, गाडी आणखी हलली. ती परत लावून दुसरीची काढली, तेच. तिसरीची काढली आणि काहीच फरक पडला नाही. ती आधीपासूनच मेलेली होती. एवढं करायला मला अंघोळीएवढाही वेळ लागला नाही.

बाबा ओल्या केसांनी खाली आले. आधी माझ्यावर ओरडले, मग स्वतः वायर काढून ऐकलं. गोल झालेला बोल्ट पकडीत धरून घाम गाळत काढला. कॉइल ओढली, तर तिच्या रबरावर पिवळालाल चिकट थर, अक्षतांचा एक दाणा आणि झेंडूची पाकळी. खालच्या खळग्यात अजून ओल होती, आणि वास नासलेल्या नारळाचा.

"बाबा, हे तुमचं गाऱ्हाणं," मी म्हणाले.

"देवाच्या पाण्यान काय होता गो?" त्यांनी पाकळी नखाने उडवली. "कॉइलच हलकी होती. मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, कॉइल."

आई तेव्हाच खाली आली होती. तिने ती पाकळी जमिनीवरून उचलली, पाहिली आणि पदराच्या टोकाने बोट पुसलं.

भाऊबीजेच्या सकाळपर्यंत खळगा पुसून, वाळवून, तिथे नवी कॉइल बसली. गाडी सुरू केली तर आवाज एकसारखा, पिवळा दिवा गेलेला. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. आई खाली आली ती जरीच्या साडीत, पायात ते काळे बूट, हातात करंज्यांचा डबा आणि निरांजनाची पिशवी. बाबा चालकाच्या सीटवर बसलेले.

"बस गो."

"आज मी चालवणार होते."

"अगो, आत्ता तर सुधारलीय! एवढी मेहनत घेतली मी. आज मी सोडतो, पुढच्या वेळी तू चालव. लगेच परत तुझा तो क्लच..."

आईने दारापाशी वाकून विचारलं, "क्लच नव्हता ना हो?"

"आता ते कशाक काढतंस? चालू झाली ना?"

आई सरळ झाली. डबा काखेत घेतला आणि गेटकडे चालू लागली. काहीतरी विसरलं असेल म्हणून बाबांनी एसी लावला आणि वाट बघत बसले. मी गेटवर पोचले तेव्हा ती रिक्षात बसली होती. "मानखुर्द," तिने रिक्षावाल्याला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामाला फोन कर. म्हणावं, रिक्षाने येतेय. बिल्डिंगखाली कुणाला उभं करू नको."

रिक्षा गेली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. मागून बाबांनी हाक मारली, "श्वेता, आई खंय गेली?" मी काही बोलायच्या आत त्यांनी काच पूर्ण खाली केली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

"इकडे ये जरा. ऐक, काय झकास चालतेय गाडी!"