कोटाचं वजन

निंबाच्या हाताला मार्केटात मान होता, निंबाला नव्हता. सुरतेच्या रिंग रोडवरच्या साड्यांच्या मार्केटात जन्मभर घड्या घालणाऱ्या माणसाला शेठलोक नावाने फारसं हाक मारत नाहीत. पण एखाद्या मालाचा संशय आला की तेच शेठ गादीवरून उठून त्याच्यापाशी येत आणि कापड त्याच्या पुढ्यात टाकत. निंबा ते चिमटीत धरी, तळहातावर तोली आणि एका शब्दात निकाल देई, ‘कांजी.’ म्हणजे कापडात जीव नाही, कांजी चढवून त्याला उगाच भरलेलं दाखवलंय. मग शेठ व्यापाऱ्याशी भांडायला जाई आणि निंबा पुन्हा खाली मान घालून घड्या घालू लागे.

डिंडोलीत, जिथे तो राहत होता, तिथे मात्र या हाताचा थाट वेगळा होता. दोंडाईचा, शिंदखेडा, नंदुरबार अशा गावांहून आलेली जी घरं त्या गल्लीत होती, त्यांच्याकडे लग्न निघालं की बस्ता बांधायला निंबाला घेतल्याशिवाय कुणी जात नसे. दुकानदार त्याला बघून चहा मागवत आणि मनातल्या मनात शिव्या घालत. निंबाचा नियम सरळ होता. जड ते खरं, हलकं ते खोटं. हा नियम त्याने ब्लँकेटला लावला, सतरंजीला लावला आणि बायकोच्या लुगड्यांनाही लावला. पुष्पाबाई लग्न होऊन सुरतेला आली तेव्हापासून तिच्या पेटीतलं एकूण एक पातळ निंबाच्या हातून आलेलं. ती कधी दुकानाची पायरी चढली नाही. नवरा कापडातला असताना बायकोने दुकानात जाऊन काय करायचं, असं सगळेच म्हणत आणि तीही हसून मान डोलवी.

आता मात्र निंबाचे खांदे गेले होते. दोन वर्षांपूर्वी पुष्पाबाईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटेच्या पाळीला डायलिसिस. एका ट्रस्टच्या दवाखान्यात ते फुकट होत होतं, तेवढं देवाने बघितलं. निंबा तिला जिन्यावरून धरून उतरवी, रिक्षात बसवी, चार तास बाहेरच्या बाकावर काढी, घरी आणून निजवी आणि मग मार्केटात जाऊन मागे राहिलेल्या घड्या संपवत बसे. बाकावर त्याला झोप लागत नसे आणि घरी आल्यावर झोपायला वेळ नसे. गायत्री, त्यांची एकुलती एक मुलगी, एका ऑनलाइन दुकानात कुर्त्यांच्या ऑर्डरी सांभाळी. ‘एखाद्या दिवशी मी नेते मम्मीला’ असं ती कितीदा तरी म्हणाली होती. पण पोरीची नोकरी नवी, तिला खाडे नकोत, हे निंबाने ठरवून टाकलेलं. ठरवायची त्याला सवयच होती.

सुरतेत थंडी ती काय! जानेवारीत लोक हौसेने स्वेटर घालून पोंक, म्हणजे हुरडा, खायला बाहेर पडतात, ती इथली थंडी. पण डायलिसिसच्या हॉलमधला एसी कधी बंद होत नसे. मशीनला गार हवा लागते, पेशंटला लागत नाही, पण हॉल मशीनच्या मर्जीने चालतो. त्यात रक्त नळीतून बाहेर जाऊन, फिरून पुन्हा अंगात येतं ते गारठूनच. वर ज्या हातात सुया तो हात उघडा ठेवावा लागे, सुई निसटली तर दिसायला हवी म्हणून. पुष्पाबाई आत ब्लाउजवर स्वेटर घाली, स्वेटरवर शाल, शालीवर दवाखान्याची पातळ चादर. शाल घसरे, स्वेटरची बाही दंडावर चढवली की रक्त अडे, आणि चार तास तिचे दात वाजत राहत. एका शनिवारी घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, “माले नही जावानं आते. तठे मी बरफ व्हई जास.”

निंबा आधी रागावला, मग घाबरला. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं की लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या तर पाणी छातीत चढेल आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. बायको हट्टी नव्हती. म्हणूनच तिचं ‘नाही’ त्याला खरं वाटलं. ती मंगळवारी उठलीच नाही तर काय करायचं, हा एकच विचार घेऊन तो रविवारी गायत्रीला सोबत घेऊन गरम कपड्यांच्या तंबूंकडे निघाला. दर हिवाळ्यात तिबेटी लोक मैदानात हे तंबू लावतात आणि फेब्रुवारीत गुंडाळून निघून जातात.

तंबूतल्या बाईने आधी पिसं भरलेलं जॅकेट काढलं. निंबाने हात मागे घेतला. घर महानुभाव पंथाचं, पुष्पाबाई अंड्याचा वाससुद्धा घरात येऊ देत नसे, ती पाखराची पिसं अंगावर घेणं शक्यच नव्हतं. मग त्या बाईने दुसरं दाखवलं. आत बारीक फायबरचा थर, बाहेरून तलम कापड, आणि सगळं जॅकेट त्याच्याच खिशात दाबून बसवता येई, इतकं लहान. स्वेटरवरून घाला, वरून शाल घ्या, घाम आला, ओलं झालं तरी ऊब सोडत नाही, धुतलं तर संध्याकाळपर्यंत वाळतं, असं ती हिंदीत सांगत राहिली. निंबाने ते तळहातावर ठेवलं. तळहाताला काही कळलंच नाही. त्याला हसू आलं. असला पोकळ माल पकडण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि ही बाई तोच त्याच्या गळ्यात मारत होती.

गायत्री मोबाईल वर करून म्हणाली, “पप्पा, वजन थोडुं गरम करे छे? ऊब वजनाने नाही येत, आत हवा अडकते, ती ऊब धरते. मम्मीला हेच बरं.” निंबाने तिला गप्प केलं. मोबाईलवर वाचून कापड कळत असतं तर मार्केटात सगळे मोबाईलच घेऊन बसले असते, असंही काहीतरी तो बोलला. मग त्याने मागच्या दांडीवरून एक कोट उतरवला. आत दाट लोकरीसारखं अस्तर, बाहेर जाड कापड, गुडघ्यापर्यंत लांबी. हातात घेताच मनगट खाली गेलं आणि निंबाचा जीव वर आला. हा खरा माल. गायत्री तोवर तंबूबाहेर निघून गेली होती.

पुष्पाबाईने कोट बघितला, त्याच्या अस्तरावरून हात फिरवला आणि नवऱ्याचा चेहरा बघितला. मंगळवारी ती उठली. जिन्यावर मध्येच बसली, पुन्हा उठली. निंबाला वाटलं, आजार आहे, बसणारच. हॉलच्या दारात वजनाचा काटा असतो. सुई टोचण्याआधी पेशंटचं वजन घेतात, ते मागच्या वेळेपेक्षा किती वाढलं यावरून अंगात पाणी किती साठलंय ते ठरतं आणि तेवढं मशीन काढून घेतं. कुंदन नावाचा तरुण टेक्निशियन हे काम बघे. तोही मूळचा धुळ्याकडचा, पुष्पाबाईला मावशी म्हणणारा. त्याने कोट काढायला सांगितला. पुष्पाबाई थरथरत होती. निंबाच मध्ये पडला, म्हणाला, राहू दे रे, आत्ता कुठे ऊब धरलीय. मागे सगळी रांग खोळंबली होती. कुंदनने रोजच्यासारखं कपड्यांचं थोडं वजन वजा केलं आणि आकडा मशीनला दिला.

मग बाही वर सरकेना. एक हात काढावा लागला, अर्धा कोट पाठीखाली चुरगळला आणि अर्धा छातीवर चढून बसला. पहिले दोन तास बरे गेले. तिसऱ्या तासाला पुष्पाबाईच्या पोटऱ्यांत गोळे आले, ती ओरडली, आणि निंबा दारातून धावत आत गेला तोवर तिचे डोळे फिरले होते. कुंदनने पलंगाची पायाकडची बाजू उचलली, मशीन थांबवलं, सलाईन सोडलं. कितीतरी वेळाने तिने डोळे उघडले. कुंदनने छातीवरून कोट उचलला आणि हातात धरून त्याचं वजन अजमावलं.

“काका,” तो हळू आवाजात म्हणाला, “या कोटाचं पाणी आपण मावशीच्या अंगातून काढलं.”

त्याने दोष स्वतःकडे घेतला, पुन्हा असं होणार नाही म्हणाला, डॉक्टरांनाही त्यानेच सांगितलं. निंबाला ते काहीच ऐकू येत नव्हतं. साऱ्या मार्केटला वजन सांगणारा माणूस बायकोला काट्यावर उभी करताना कोटाचं वजन विसरला होता. लाज वाटली, पण लाजेपेक्षाही थकवा जास्त होता. कुठेतरी टेकावं आणि उठूच नये असं त्याला वाटलं.

घरी आल्यावर पुष्पाबाईने स्पष्ट सांगितलं की गुरुवारी ती येणार नाही. निंबाचा तोल गेला. तुझ्यासाठी मी कामावर बोलणी खातो, रात्रीचा दिवस करतो, कोट आणला तर तोही तुला पेलत नाही, असं तो बोलून गेला. गायत्री दारात उभी होती. पुष्पाबाईने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. मग जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असावी अशा आवाजात, ती म्हणाली, “तुम्ही आणेल हरेक लुगडं माले जडच व्हतं. मी कधी बोलनू नही. तुमना हात कापडले समजस, मन्हा आंगले नही.”

 निंबा पेटीकडे बघत राहिला. तीत जपून ठेवलेलं सगळं त्याने प्रेमाने आणलं होतं, हे खरं होतं. आणि तिने ते खांद्यावर ओझ्यासारखं वाहिलं, हेही खरं होतं. इतकी वर्षं तिने सांगितलं का नाही, हे तो कोणत्या तोंडाने विचारणार? त्याने विचारलं कधी होतं?

बुधवारी दुपारी त्याने शेठला न विचारता हातातलं काम सोडलं, रिक्षा आणली आणि पुष्पाबाईला म्हणाला, “चाल. तू पसंत कर.” ती जायला नको म्हणत होती, पण गायत्रीने तिचे केस विंचरले आणि तिला उभं केलं. तंबूपर्यंत चालणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून निंबाने रिक्षा मैदानाच्या कडेला लावली आणि आत जाऊन तिबेटी बाईला हात जोडून बाहेर बोलावलं. ती बाई जॅकेटांचा ढीग घेऊन आली. निंबाने ती आपल्या दोन्ही हातांवर घेतली आणि एखाद्या सेल्समनसारखा रिक्षाशी उभा राहिला. तोंडातून शब्द काढायचा नाही असं त्याने ठरवलं होतं आणि ते पाळताना त्याला घाम फुटला.

पुष्पाबाईने आधी काही हातच लावला नाही. पसंत कसं करतात हे तिला ठाऊक नव्हतं. मग तिने एक निळं उचललं, गालाला लावून बघितलं, परत ठेवलं. एकाची चेन घशाशी टोचत होती. एक बगलेत अडकलं. तिने बाईला विचारलं की आत स्वेटर असेल, वरून शाल येईल, तर एवढं पुरेल का. बाईने एक मोठ्या मापाचं दिलं. जांभळ्या रंगाचं, निंबाने कधी आणलं नसतं असल्या रंगाचं. तिने ते स्वेटरवरून चढवलं, सुयांच्या हाताची बाही दंडापर्यंत ओढून बघितली, ती सहज वर गेली. मग ती मागे टेकली आणि तिने डोळे मिटले. रस्त्यावरून ट्रक जात होते, रिक्षावाला कुरकुरत होता. “आंगवर काही शे का नही, समजत नही,” ती म्हणाली, आणि बाकीची जॅकेटं परत सारून, “हाईच.”

जांभळा रंग तिला शोभत होता. हे निंबाच्या ओठावर आलं आणि त्याने ते बोलून टाकलं. पुष्पाबाई लाजली. गायत्री दुसरीकडे बघायला लागली.

पण गुरुवारी ती येईल की नाही, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचा निंबाला धीर झाला नाही. गजर वाजायच्या आधीच त्याला जाग आली. अंग लाकूड झालं होतं. खांदा हलत नव्हता. अंधारात पडल्या पडल्या त्याच्या मनात एक विचार येऊन गेला आणि तो आपलाच आहे हे त्याला खरं वाटेना. ती नाही म्हणाली, तर आज झोपता येईल. बायकोच्या जिवावर आपण झोप मागतोय, असा माणूस आपण कधी झालो, हे त्याला कळेना. त्याने डोळे घट्ट मिटले.

दिवा लागला. पुष्पाबाई उठली होती. तिने तोंड धुतलं होतं, स्वेटर चढवला होता आणि वरून जांभळं जॅकेट घालून त्याची चेन ती हळूहळू ओढत होती. गायत्री चपला घालून दाराशी उभी होती. दोघींचं आधीच ठरलेलं दिसत होतं. निंबा धडपडत उठायला गेला तर पुष्पाबाईने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला परत निजवलं.

“तुम्ही थकी गयात,” ती म्हणाली. “मी जास. तुम्ही झोपा.”

नाही म्हणावं, उठावं, तिला धरून उतरवावं, हे सगळं त्याला करायचं होतं. तिने त्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि दिवा मालवला. जिन्यावर दोघींच्या पावलांचा आवाज खाली खाली जात राहिला, मध्ये कुठे थांबला नाही. मग निंबा कुशीवर वळला आणि आवाज होऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून रडला. रिक्षा सुरू होईपर्यंत त्याला झोप लागली होती.