दाना शिजला नाय

बस्त्यांवमामा घेवडा शिजवताना डाव खुंटीवरून काढायचेच नाहीत. पातेल्याचे कान फडक्याने धरून ते नुसतं हिंदकळवायचे. "बोटीला दर्यात कोन ढवलते का गो? ती आपली हलते."

मामा पाचूबंदरचे ख्रिस्ती कोळी. तरुणपणी एका ग्रीक मालकाच्या बोटीवर स्वयंपाकी होते. तिथून शिकून आलेलं पांढऱ्या घेवड्याचं कालवण, त्यांचा 'फासोलादा', ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या दर शुक्रवारी घरात शिजे; तेव्हा मांस बंद. भिजवलेल्या दाण्यांचं पहिलं उकळीचं पाणी फेकायचं, दुसऱ्या पाण्यात कांदा-गाजराबरोबर मऊ करायचे, टोमॅटो अगदी शेवटी आणि वरून ऑलिव्हचं तेल. ना मसाला, ना फोडणी. मी जालन्याकडची, नवऱ्याबरोबर त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी. मला ते आजाऱ्याचं जेवण वाटलं. ते तेल तेव्हा औषधाच्या दुकानात मिळे, बाळाच्या मालिशीसाठी. मामांनी आणायला पाठवलं, तेव्हा दुकानदाराने "बाळ केवढं?" म्हणून विचारलं, तर मी लाजून तशीच परत आले. मामा हसले, "सांगायचं, बासष्ट वर्सांचा हाय, दात पडलेत!"

माझी शाळा सातवीत सुटलेली. कुठे काम मागायला गेले की दारावरूनच परत फिरे. चर्चच्या सिस्टर चालवत असलेल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण हवी होती, तिथे मामांनीच शब्द टाकला. एका शुक्रवारचं जेवण रांधून दाखवायचं. एकट्या नवऱ्याच्या कमाईत भागत नव्हतं; नाही जमलं तर आम्ही नवराबायको गावी परतणार, हे ठरलेलं.

त्या शुक्रवारी मी फासोलादाच लावला, आणि शेवटी विसरेन या धास्तीने टोमॅटो सुरुवातीलाच टाकले. जेवणाची घंटा व्हायची वेळ आली तरी दाण्यांत मधे कणी तशीच. मामा स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसले होते.

"आंबटात दाना आखडतो, बोललो होतो ना?"

"मामा, रवीने घोटते. कुणाला कळणार?"

"मला कलेल. तुला कलेल. टोमॅटो काढ, पानी बदल. आनि सिस्टरला जाऊन सांग, दाना शिजला नाय, थांबा."

"काम जाईल हो!"

"जाऊ दे. आज घोटलंस तर दर शुक्रवारी घाबरशील. जा!"

गेले. सांगितलं. सिस्टरनी घड्याळ पाहिलं. "किती वेळ?"

"तासभर."

तासभर मुली ताटं वाजवत बसल्या. जेवणं उरकल्यावर सिस्टर म्हणाल्या, "सोमवारपासून या. उशीर झाला, पण लपवलं नाहीत."

चार वर्षांनी मामा गेले. महिन्याने चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, प्रार्थना झाली; त्यानंतरच्या जेवणाला फासोलादा रांधायचं काम मी मागून घेतलं. अंगणात पंगत बसली. मामांचा पुतण्या दोनदा आत डोकावून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "वहिनी, लोक खोळंबलेत, वाढा ना आता."

मी एक दाणा बोटांत दाबून पाहिला. मधे अजून कणी होती. पातेल्याचे कान फडक्याने धरले, हळूच हिंदकळवलं.

"दाना शिजला नाय," मी म्हटलं. "थांबा."