आधी कॉम्प्युटर, मग मेन

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टीम होत्या. एक गरजेची आणि एक माझ्या हौसेची. गरजेची होती विंडोज, तिच्यावर बायको क्लासवाल्यांचे पेपर टाइप करायची. हौसेची होती लिनक्स. तिच्यावर मी काय करायचो हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक वेळा ती धड सुरू होते की नाही, एवढंच बघायचो.

मी लातुरात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायचो. तेव्हा गावात क्लासेस इतके बोकाळले होते की पत्ता सांगताना लोक देवळाऐवजी क्लासची खूण सांगायला लागले होते. पार किनवटपासून पोरं यायची आणि दर रविवारी त्यांची टेस्ट असायची. माझी बायको देगलूरची. मराठी, इंग्रजी आणि वर ती मुलखाची किचकट समीकरणं, सगळं झपाट्याने आणि बिनचूक टाइप करायची. एका मोठ्या क्लासचं काम तिने स्वतः जाऊन मिळवलं होतं, माझ्या ओळखीवर नव्हे. त्या कामामुळे गल्लीतले लोक तिला मॅडम म्हणू लागले होते आणि तिला ते मनापासून आवडत होतं. कॉम्प्युटर असा तिच्या कामाचा, पण घरातला कॉम्प्युटर-तज्ज्ञ मात्र मी. ही नेमणूक माझी मीच केली होती.

नांदेडला उत्तरपत्रिका तपासायला गेलो असताना एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट मिळाली आणि तिथून सगळं सुरू झालं. आता एकाच मशीनवर दोन सिस्टीम चालवणार, असं मी स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं. गणिताच्या सरांनी विचारलं, कशाला? मी नुसता हसलो. त्या हसण्यामागे फार मोठं ज्ञान आहे असं त्यांना वाटावं, अशी माझी इच्छा होती. मग डिस्कचे दोन भाग पाडले, सीडी घातली, आणि मशीन चालू केल्यावर कोणती सिस्टीम पाहिजे असं ते विचारू लागलं. बायको लिनक्सला 'तुमची दुसरी' म्हणायची.

थोडे दिवस बरे गेले आणि मग दोघींनीही छळायला सुरुवात केली. विंडोज चालू करताना निळा पडदा यायचा आणि मागच्या वेळी मशीन नीट बंद केलं नाही, असं सुनवायचा. लिनक्स त्याहून मानी. ती अर्ध्यात थांबून पासवर्ड मागायची आणि दुरुस्ती तुमची तुम्ही करा म्हणायची. बायको म्हणाली, लाइट जाते म्हणून होत असेल. लाइट तर सगळ्या लातूरची जाते, असं म्हणून मी ते उडवून लावलं. तज्ज्ञाला साधं कारण चालत नाही.

मी अर्थिंगचा सिद्धांत मांडला. अंगणात खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा घातला, आणि रोज सकाळी तुळशीनंतर त्या खड्ड्याला पाणी घालू लागलो. माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, दिवसभर घरीच असायचे. ते ओट्यावरून बघत होते. हे काय लावलंस म्हणाले. मी म्हणालो, अर्थिंग. त्यांनी गंभीरपणे विचारलं, उगवंल का काही?

त्यातच क्लासच्या सरांचा निरोप आला. पेपर दोनदा उशिरा आला होता. या रविवारचा वेळेवर मिळाला नाही, तर पुढचं काम नांदेडच्या डीटीपीवाल्याकडे जाईल. बायकोने ऐकून घेतलं आणि टाइप करायला बसली. दोन दिवसांत पेपर जवळजवळ होत आला. शुक्रवारी ती भाजी आणायला बाहेर पडली, आणि मी ठरवलं की आता मुळापासूनच दुरुस्ती करून तिला चकित करू.

सुरुवातीला सिस्टीम निवडायला लावणारा जो छोटा प्रोग्राम असतो, तो मी नव्याने बसवला आणि मशीन पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर एल आणि आय अशी दोन इंग्रजी अक्षरं उमटली आणि सगळं तिथेच थांबलं. पुस्तक काढलं. त्या प्रोग्रामच्या नावात चार अक्षरं असतात आणि जितकी अक्षरं उमटतील तितका तो पुढे सरकला असं समजावं, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे माझी दुरुस्ती निम्मी यशस्वी झाली होती.

बायको आली, पिशवी हातातच. पडद्याकडे बघून तिने विचारलं, पेपर कुठंय? मी म्हणालो, आतच आहे, अगदी सुरक्षित आहे, फक्त बाहेर येत नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसून राहिली आणि मला माझी खरोखर लाज वाटली.

कपाट उपसून विंडोजची बूट फ्लॉपी काढली आणि तिच्या मदतीने तो चार अक्षरांचा प्रोग्राम पुसून टाकला. लिनक्स डिस्कवर होती, पण तिच्याकडे जायचं दार बंद झालं होतं. विंडोज मात्र सरळ उघडली. पेपर जागेवर होता. बायकोने शेवटचं पान सुरू केलं, पाऊण भरत आणलं, आणि फट्‌कन सगळं काळं झालं. लाइट गेली.

पण शेजारच्या घरात क्रिकेटची कॉमेंटरी जोरात चालूच होती.

मी बाहेर आलो. आमच्या मागच्या बाजूला पोरांसाठी हॉस्टेलचं बांधकाम चालू होतं. तिथे वाळूचा टिपर रिकामा होत होता आणि त्याच्या हादऱ्याने आमच्या फळीवरची भांडी किणकिणत होती. मीटरच्या बोर्डापाशी वडील उभे होते, हात मेन स्विचच्या दांड्यावर. मेन पाडून झाल्यावर ते आत गेले, गॅस बंद केला, मग अंगणाच्या मधोमध येऊन उभे राहिले. भांडी गप्प झाली तसे परत आले आणि मेन वर चढवला. हे सगळं इतकं सराईत होतं की रोज हेच चालतं, हे कळायला मला फिजिक्स लागलं नाही.

"टिपर आहे हो तो," मी जवळजवळ ओरडलोच.

"टिपर हाय का दुसरं काय, ते मागून कळतंय," वडील म्हणाले. "भूकंपाच्या पहाटं मला कायच सुचलं न्हाई. नुसता हुबा ऱ्हायलो. तुझ्या मायनं हाताला धरून बाहीर काढलं. आता ती न्हाई. म्हणून आधी काय करायचं ते मी ठरवून ठेवलंय."

आईला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दारात उभ्या असलेल्या बायकोने सगळं ऐकलं होतं.

"मामा, मेन खुशाल पाडा," ती सासऱ्यांना म्हणाली. "पण त्याच्या आधी कॉम्प्युटर बंद करत जा. मी शिकवते."

गेलेलं पान तिने पुन्हा टाइप केलं, पेपर शनिवारी पोचला, काम टिकलं. आणि सोमवारपासून वडिलांची शाळा भरली. मी हौसेने लिनक्सचं दार पुन्हा उघडून दिलं होतं, त्यामुळे त्यांना बंद करायच्या दोन्ही रीती शिकाव्या लागल्या. विंडोजला माउस, सेव्ह करू का विचारलं की हो म्हणायचं. लिनक्सला लेखी हुकूम. अंघोळ झाली की ते रोज सराव करायचे. विंडोजच्या शेवटी काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरात एक इंग्रजी वाक्य यायचं, आता मशीन बंद करणं सेफ आहे असं. ते त्यांना फार आवडलं. खात्रीनं सेफ का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, कॉम्प्युटरपुरतं.

त्यानंतर दोन्ही सिस्टीम निमूट सुरू होऊ लागल्या. स्टाफरूममध्ये मी सांगितलं की अर्थिंगमुळे फरक पडला.

मग एका दुपारी खरंच जमीन हलली. टिपर नव्हता. आवाज खालून आला आणि पायाखालची फरशी सरकल्यासारखी झाली. बायको स्वयंपाकघरात होती, कॉम्प्युटरवर रविवारचा पेपर अर्धवट उघडा होता. सगळी गल्ली रस्त्यावर आली, क्लासची पोरं अनवाणी पळत सुटली. घरातून सगळ्यात आधी बाहेर पडलेला माणूस मी होतो. मागोमाग बायको आली. वडील आले नाहीत.

खिडकीतून ते दिसत होते. खुर्चीवर ताठ बसले होते, हात माउसवर, नजर पडद्यावर. बायकोने हाक मारली, मामा, मरू द्या ते, बाहेर या. ते हलले नाहीत. मला जायला पाहिजे होतं. मला काहीच सुचलं नाही, मी नुसता उभा राहिलो.

बायको आत धावली आणि त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली.

"तुझा पेपर सेव्ह केलाय, बाई," रस्त्यावर आल्यावर ते तिला म्हणाले. "ती नारिंगी अक्षरं येईस्तोवर बसलो. मेन तेवढा पाडायचा ऱ्हायला."

बायको सगळ्या गल्लीसमोर रडायला लागली. त्यांचा हात तिने सोडला नव्हता. मी आत जाऊन मेन पाडला. तोवर जमीन केव्हाच थांबली होती.