एलआरची हजेरी

एलआर कोणाच्याही दारात गेली की आधी चपला काढायची आणि मग हाक मारायची. बाकीचे लोक हाक मारतात, आतून कोणीतरी 'या' म्हणतं, मग चपला निघतात. हिचं सगळं उलट. घरातली बाई पदराला हात पुसत बाहेर येईपर्यंत ही उंबऱ्याशी अनवाणी उभी असायची. "चपला काढलेल्या माणसाला परत जा म्हणायला जीभ रेटत नाही," असं तिचं म्हणणं. पुढची पायरी पाण्याची. "मावशी, पानी दे व जराखं, चालीसन उनू." चालून आलेय, एवढंच ती सांगायची. पण पेला एकदा हातात आला की पुढचा अर्धा तास तिचाच.

सुरतेत कॉलेज केलेल्यांना एलआर म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. विद्यार्थ्यांच्या काउन्सिलमध्ये एक जीएस, म्हणजे जनरल सेक्रेटरी असतो, तो बहुतेक मुलगा असतो आणि बहुतेक माइकच्या जवळ असतो. प्रत्येक वर्गाचा एक सीआर, म्हणजे क्लास रिप्रेझेंटेटिव्ह असतो. आणि सगळ्या मुलींची मिळून एक एलआर, लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह. तिनं साडी डे, मेहंदी, रांगोळी बघायची आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचा, अशी आमची समजूत होती. आमच्या एलआरनं पुष्पगुच्छ एकदाही दिला नाही. घरी बसलेल्या मुलींना मात्र तिनं परत वर्गात आणून बसवलं. तिची स्वतःची पदवी राहिली. ती माझ्यामुळे राहिली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्याकडे मतदान नव्हतं. मार्क, हजेरी आणि प्राचार्यांच्या खोलीत पाच मिनिटांची मुलाखत, एवढ्यावर काउन्सिल ठरायचं. एलआरच्या जागेसाठी आम्ही तिघी होतो. मी आरशासमोर गुजरातीत भाषण घोटून गेले होते. वडील बमरोलीच्या मिलमध्ये फिटर, घरात नांदेडकडचं मराठी, त्यामुळे माझं गुजराती म्हणजे इस्त्री करून घातलेले कपडे. काउन्सिलचं काम काय, असं काउन्सिल बघणाऱ्या देसाई सरांनी विचारलं तेव्हा मी गरबा स्पर्धेपासून क्रीडा महोत्सवापर्यंत सगळं म्हणून दाखवलं. सर म्हणाले, "सरस." मग पुढे जी एलआर झाली ती आत गेली. दार अर्धवट उघडं होतं. तिनं सरांनाच उलट विचारलं, "सर, जे छोकरी नथी आवती, एनी खबर कोण राखे छे?" जी मुलगी येत नाही, तिची विचारपूस कोण करतं. बाहेर बाकावर बसूनच मला कळलं की आपली जागा गेली.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच माझ्या बाकावर येऊन बसली. वर्गात पहिली आल्यामुळे मी आपोआप सीआर झाले होते. "सीआर, गैरहजर मुलींचा कागद ऑफिसातून तुझ्याकडेच येतो ना? मला दर शनिवारी बघू दे." नावं होती आम्हाला, पण त्या दिवसापासून ती एलआर आणि मी सीआर. तिनं नियम केला : लागोपाठ तीन दिवस जी मुलगी आली नाही, तिच्या घरी जायचं. का आली नाही हे वर्गात कोणाला विचारायचं नाही, कारण वर्गात फक्त गप्पा कळतात. जाऊन बघायचं.

मग ती निघायची. लिंबायत, बमरोली, पांडेसरा, कुठेही. पैसे असले तर शेअर रिक्षा, नसले तर पायी. चार-पाचदा मीही गेले बरोबर. एका मुलीची आई साड्यांचं धागा कटिंग घरी आणून करायची. तिचा हात सुजला म्हणून लेक कामाला बसली होती आणि दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. एलआरनं उपदेश वगैरे काही केला नाही. भिंतीला टेकून बसली, कात्री मागितली आणि साडी मांडीवर ओढली. मलाही एक दिली. चार तास आम्ही लोंबते धागे कापत बसलो आणि ती मुलगी कोपऱ्यात तोंड करून अकाउंट्स वाचत होती. येताना माझी बोटं आखडलेली होती. मी कुरकुरले तर म्हणाली, "परीक्षा तिची, बोटं आपली. स्वस्तात सुटलो."

बमरोलीत एकीचं लग्न ठरलं होतं. बाप दारातच आडवा उभा. एलआर चपला काढून तयार. "काका, मी लग्न मोडायला नाही आले. परीक्षा होऊ द्या, मग लग्न करा. मी स्वतः वाढायला येते." बापाला हसू आलं, आणि हसलेल्या बापाकडून काय काढून घ्यायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुलगी परीक्षेला बसली. लग्नात एलआर खरोखरच जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत फिरली, आणि काकांच्या पानात तिनं दोनदा वाढलं.

जीएसला हे सगळं चमत्कारिक वाटायचं. तो एकदा काउन्सिलच्या बैठकीत म्हणाला, "तू काउन्सिल में है या पोस्ट ऑफिस में?" ती शांतपणे म्हणाली, "पोस्टमन के लिए दरवाजा तो खुलता है." सगळे हसले. देसाई सर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिथेच ठरवून टाकलं की एलआर कोणाच्या घरी गेली असेल तर त्या दिवशीची तिची हजेरी धरायची. सीआरनं चिठ्ठी द्यायची, 'काउन्सिलचं काम', खाली सही, आणि ऑफिसातले रमणभाई रजिस्टरमध्ये मांडतील. ती चिठ्ठी लिहिताना मला बरं वाटायचं. तिच्या कामात आपलाही काही वाटा आहे असं वाटायचं.

तिच्या घरी मात्र आमच्यापैकी कोणी कधी गेलं नाही. गोडादऱ्याच्या वळणावर ती थांबायची. "इथून जाईन मी." एकदा मी हट्ट धरला तेव्हा म्हणाली, "काय बघशील? लूमच्या मागे खोली आहे. बोललेलं ऐकू येत नाही, सगळे हातवाऱ्यांनी भांडतात." मी हसले आणि माझ्या रस्त्याला लागले. शिरपूरकडची माणसं, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, आई, एक धाकटा भाऊ, एवढंच मला माहीत होतं. घरात पदवीपर्यंत पोचणारी ती पहिली, हेही तिनं एकदाच आणि ओझरतं सांगितलं. शेवटच्या सेमिस्टरची फी भरली त्या दिवशी पावती घडी करून कंपासपेटीत ठेवताना म्हणाली, "आता ही एक परीक्षा. मग कोणी काही करो."

ती परीक्षा महिन्यावर आली असताना एका सोमवारी एलआर वर्गात नव्हती. गेली असेल कोणाच्या तरी दारात, असं मला वाटलं. परीक्षेच्या तोंडावरच मुली गळतात. मी चिठ्ठी दिली. मंगळवारी दिली. बुधवारी रमणभाई म्हणाले, "एलआरबेन आजे पण?" मी म्हटलं, हो, आता कामं वाढलीत. काउन्सिलच्या ग्रुपवर मी तिला लिहिलं होतं, 'किती जणी आणल्यास?' मग तिच्या नंबरवर वेगळं लिहिलं. त्याच्यापुढे एकच टिक राहिली. तिचा फोन भावाबरोबर वाटून घेतलेला, रिचार्ज महिन्यातून दहा दिवस संपलेला. मला त्यात नवल वाटलं नाही. शनिवारी गैरहजर मुलींचा कागद आला. त्यावर तिचं नाव नव्हतं. कसं असणार, सहा चिठ्ठ्या मीच दिल्या होत्या. पुढच्या सोमवारी सातवी दिली.

मंगळवारी एक मुलगी फणफणत माझ्याकडे आली. ही तीच, धागा कटिंगवाली. "मी पाच दिवस तापानं पडले होते. एलआर फिरकलीसुद्धा नाही. आता मोठी झाली का ती?" तिचं बोलणं संपायच्या आत मी उठले होते : मग एलआर होती कुठे? मी ऑफिसातून एलआरचा प्रवेशाचा फॉर्म काढून पत्ता घेतला आणि रिक्षा केली. लूमच्या मागे खोली होती, ती म्हणाली होती तशीच, आणि दाराला कुलूप होतं. शेजारची बाई लूमच्या आवाजावर ओरडून म्हणाली, "आंडेरनं लगीन शे. कालदिन गयात गावले." मुलीचं लग्न आहे, काल गेले गावाला. मी त्या दारात किती वेळ उभी होते ते आठवत नाही. परत येऊन देसाई सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि फॉर्मवरच्या नंबरला तीनदा फोन लावला. तो लागला नाही. तिचं हॉल तिकीट रमणभाईंच्या टेबलाच्या काचेखाली उन्हाळाभर पडून राहिलं.

निरोपाच्या कार्यक्रमात जीएसनं सगळ्यांचे आभार मानले. एलआरचंही नाव घेतलं, 'लग्नाच्या शुभेच्छा' म्हणाला, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. काउन्सिलच्या मुलाखतींना सरांच्या जागेवर मी बसते. समोरच्या मुली घोटून आलेलं छान छान बोलतात आणि मला त्यांच्या मागचं अर्धवट उघडं दार दिसत राहतं. हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर आलं नाही की मी थांबते. वर्गाला वाटतं मॅडम रागावल्या. मी रागावलेली नसते, मला भीती वाटत असते. तिसऱ्या दिवशी मी स्वतः जाते, गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून आत चालत जाते. काही मुली परत येतात, काही येत नाहीत. सहकारी म्हणतात, तुमचा फार जीव आहे हो मुलींवर. जुनं रजिस्टर एकदा रेकॉर्ड रूममध्ये हाती लागलं. त्यात माझ्या सात चिठ्ठ्यांचे सातही दिवस एलआर हजर आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी कापड बाजारात एका दुकानात साड्या बघत होते. काउंटरवरचा तरुण सारखा माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही सीआर ना? ताईकडे काउन्सिलचा फोटो शे, त्यात तुम्ही आहात." तो तिचा भाऊ. मी तिथल्या गादीवर बसले. त्यानं चहा मागवला आणि नवापूरच्या बाजूच्या एका गावाचं नाव सांगितलं. ताई बरी आहे म्हणाला, दोन मुलं आहेत. मग आपण होऊनच सांगू लागला. वडिलांनी फोन काढून घेतला होता आणि बाहेर जायला बंदी केली होती. तिनं खूप विनवलं तेव्हा त्यांनी एक कबूल केलं. कॉलेजातून कोणी घरी येऊन बोललं तर परीक्षा होऊ देऊ, मग लग्न.

"ताई एकदम खूश झाली," तो म्हणाला. "बाबाले म्हणे, आमना कॉलेजमा तिसरा दिन माणूस दारमा येस, येतंच कोणीतरी. रोज सकाळी दारापुढे झाडायची. पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. बाबापण कामावरून आले की विचारायचे, कोणी आलं का. मग आठव्या दिवशी निघालो आम्ही."

मी विचारलं, ती काही म्हणाली का. चहा गार होत होता.

"तुमच्यावर राग नाही तिचा," तो घाईनं म्हणाला. "गाडीत रडली थोडी. पण आईले म्हणे, सीआर नक्की आजारी पडली असेल, नाहीतर ती आल्याशिवाय राहत नाही. अजून विचारते कधी कधी, कोणाकडून कळलं तर बघ, त्या आठवड्यात सीआरले काय झालं होतं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमची तब्येत बिघडली होती का तेव्हा?"

मी म्हणाले, "हो. खूप आजारी होते."

त्याला हायसं वाटलेलं दिसलं. "सांगतो ताईले," तो म्हणाला आणि लगेच खिशातून फोन काढला.