दवंडी गप्प बसला तेव्हा

बादलीतले निम्मे टॉवेल दोरीवर गेले होते, निम्मे अजून पिळायचे होते, तेवढ्यात लेक मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, मी मावशीकडे जाणार नाही. सोमवारी परीक्षा आहे. ती देते, मग कुठे पाठवायचं तिथे पाठवा."

न्हाव्याने हातातला टॉवेल पुन्हा पिळला. त्यात थेंब उरला नव्हता, तरी पिळला.

सगळी गल्ली त्याला 'दवंडी' म्हणायची, आणि उगाच नाही. कोणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, कोणाच्या जावयाची नोकरी गेली, हे त्या घरात कळायच्या आधी याच्या खुर्चीत कळायचं. देव जिभा वाटत होता तेव्हा हा बहुधा दोनदा रांगेत उभा राहिला. आणि आता त्याच्याच सतरा वर्षांच्या लेकीला सहावा महिना लागला होता. ज्याच्यामुळे लागला तो वर्गातलाच. त्याच्या आईबापांनी त्याला रातोरात काकाकडे धाडून दार लावून घेतलं.

"त्यांनी पोराला लपवलं म्हणून शिव्या घालता," आतून बायको म्हणाली, "आणि हिला लपवायला स्वतःच पिशवी काढून ठेवता. वा!"

शाळेच्या मोठ्या बाईंनी परीक्षेला बसायची परवानगी दिली होती. अट एकच, घरचं मोठं माणूस सोबत हवं.

"आईला ने," तो पुटपुटला.

"नाही. तुम्ही हवेत. सगळी गल्ली तुमच्या तोंडाला घाबरते."

उरलेले टॉवेल बादलीतच सोडून दवंडी दुकानात गेला.

दुकानात तो मुकाट्याने काम करू लागला, तशी गिऱ्हाइकं घाबरली. बोलणारा न्हावी परवडला, पण हातात वस्तरा घेऊन गप्प बसलेला कोणाला परवडेल? दुपारी किराणावाले शेठ आले. भरघोस मिशी, पोटच्या पोरासारखी जपलेली. गालावर फेस चढला आणि त्यांनी सहज विचारलं, "काय रे, लेक दिसत नाही हल्ली? बरी आहे ना?"

हात चळला. अर्धी मिशी फेसासकट वाटीत.

"अरे! अरे मेल्या! हे काय केलंस?"

नेमकी तेव्हाच लेक दारात आली. ओढणी नाही, काही नाही, पोट पुढे. "बाबा, आई विचारते, पिशवी भरू की सोडू?"

शेठ तिच्या पोटाकडे बघतच राहिले. ती त्यांच्या ओठाकडे बघत राहिली आणि फिस्सकन हसली. शेठनी झटकन तोंडावर हात धरला.

"हसतेस काय? असा बाहेर कसा पडू मी? लोक काय म्हणतील?"

"दोन दिवस हसतील काका. मग दुसऱ्या कोणाला हसतील. आमचे बाबा रोज नवीन पुरवतात की."

दवंडीच्या कानाला हे झोंबलं. वस्तरा त्याने खाली ठेवला, टॉवेलला हात पुसले, आणि तुंबलेली मोरी फुटावी तसा बोलू लागला. "शेठ, दुसऱ्याकडून ऐकाल त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. माझ्या लेकीला सहावा महिना आहे. सोमवारी ती परीक्षेला बसणार आहे आणि तिला मी घेऊन जाणार आहे. उजेडात, चालत, या रस्त्याने. पिशवी सोड म्हणावं आईला!"

शेठ तोंडावरचा हात न काढताच म्हणाले, "ते बरंच केलंस. पण माझ्या मिशीचं काय?"

"उरलेलीही काढतो. तरुण दिसाल."

"बायको घरात घेणार नाही रे!"

"मग या इथेच राहायला."

संध्याकाळपर्यंत गल्लीत सांगायचा कोणी उरला नाही. एकदा जीभ सुटल्यावर ती आवरेल तर शपथ! बायको जेवायला वाढताना म्हणाली, "नातवंडाचं नाव तेवढं ठेवून नाही ना आलात?"

लेक मान खाली घालून हसली. मग जरा चाचरत म्हणाली, "बाबा, एक राहिलं. शाळेतला बाक अरुंद आहे. पोट अडतं, नीट लिहिता येत नाही."

त्याने ताटावरूनच मान हलवली. आता सकाळी दुकान उघडायच्या आधी शाळेत जायचं होतं, मोठ्या बाईंना सांगून लेकीसाठी बाकाऐवजी टेबल-खुर्ची लावून घ्यायला.